मुकादमाची मिशी

निश्चिंतला शिंक आली आणि प्रयोगशाळेतली एकुलती एक मिशी उडून गेली.

मिशी म्हणजे मांजराच्या मिशीचा एक केस. गेली सात वर्षं तो काचेच्या नळीत सुखाने नांदत होता. निश्चिंतने तो नव्या मुलींना दाखवायला चिमट्यात धरला होता. निश्चिंत हे त्याचं खरं नाव नव्हे. शीतकपाटाचं दार हातात आलं तरी तो "निश्चिंत राहा" म्हणायचा, म्हणून पडलेलं.

"निश्चिंत राहा, मॅडम," तो टेबलाखालून म्हणाला.

"शुक्रवारी क्ष-किरणाच्या यंत्रावर आपली वेळ आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की लोक जिन्याने पळत. "स्फटिक नाही दिला, तर आपला रेणू कायमचा कपाटात. आणि त्याच्याबरोबर तूही."

भानगड अशी होती. शरीराच्या पहारेकरी पेशींना एक ब्रेक असतो, प्रथिनाचा. कर्करोगाची पेशी बेरकी. ती नेमका तोच ब्रेक दाबते आणि पहारेकरी तिला "या, बसा" म्हणतो. मॅडमचा रेणू त्या ब्रेकखाली पाचरीसारखा बसणार होता. बसतो की नाही, हे पाहायला दोघांचा मिळून स्फटिक हवा. दीड वर्षात जमला तो नुसता चुरा. आता एकच उपाय उरला होता: चुऱ्यात केस बुडवायचा आणि द्रावणाच्या ताज्या थेंबातून ओढायचा. विरजण लावावं तसं. त्याला केस कडक, निमुळता हवा, म्हणून मांजर.

निश्चिंतच्या आत्याकडे मांजर होतं. मुकादम. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या कामगारांवर लक्ष ठेवणारं.

"एक मिशी दे ना, आत्या. कर्करोगासाठी."

"त्याची उपटलीस तर तुझी भुवई उपटीन."

"उपटत नाही गं. गळलेली चालेल."

गळलेली शोधायची म्हणून त्याने सोफा उलटा केला. सोफ्याखाली मिशी नव्हती, म्हणजे ती झाडताना गेली असणार; म्हणून त्याने व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी पलंगावर ओतली. पसरलं की नीट दिसेल म्हणून चादर ताणली. चादर हलताच मुकादमाने वरून उडी घेतली. धुळीचा ढग उठला आणि निश्चिंतला पुन्हा शिंक आली.

आत्या दारात उभी होती. तिने पलंगाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, राखाडी झालेल्या भाच्याकडे पाहिलं.

"आधी तोंड धू."

तो तोंड धुऊन आला तेव्हा तिच्या हातात पाकीट होतं. आत पांढराशुभ्र, कडक, टोकाला निमुळता केस.

"मुकादमाचा?"

"केस हवाय की चौकशी?"

निश्चिंतने केस घेतला.

चौथ्या दिवशी थेंबात स्फटिक उगवले. खडीसाखरेसारखे, धारदार कडांचे. शुक्रवारी यंत्राने चित्र दिलं: रेणू ब्रेकखाली असा चपखल बसला होता, जणू जागा बघूनच आला होता. मॅडम चक्क हसल्या. मग लोकांना कळेना, जिना की लिफ्ट.

महिन्याभरात पंचाईत उभी राहिली. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग अकरा मांजरांच्या मिशांनी केला. पदरी चुरा. इकडे आत्याने दिलेला केसही झिजून तुटला.

"त्याच मांजराचा दुसरा आण," मॅडम म्हणाल्या. "आणि जात, वय, खाणंपिणं लिहून आण. सगळं छापायचंय."

निश्चिंत वही घेऊन आत्याकडे गेला. आत्या आरशासमोर होती, हातात छोटा चिमटा.

"मुकादमाचा अजून एक केस दे ना, आत्या. बिचाऱ्याचं वय किती?"

"मुकादमाच्या मिशा मोज आधी."

त्याने मोजल्या. इकडे बारा, तिकडे बारा. एकही कमी नाही. नवी उगवतेय असंही दिसेना.

"मग तो केस..."

आत्या आरशात पाहत हनुवटी चाचपत होती. डावीकडे, जिवणीखाली, तिचं बोट थांबलं.

निश्चिंतने वही उघडली. 'जात' असं लिहिलेल्या रकान्याकडे पाहिलं. वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून त्याचं ते वाक्य फुटेना.

"निश्चिंत राहा," आत्या म्हणाली. "दर महिन्याला एक येतोच."