दातारकाकांचं पिच

दातारकाका नुसते चालत नाहीत, मोजत चालतात. इंडियन ग्रोसरीत डाळींपासून लांब टांगा टाकत निघतील आणि कांद्यांपाशी थबकून जाहीर करतील, "बावीस यार्ड! बोलिंग एंड इथे." मग आम्ही कांदे घ्यायला खोळंबून राहतो.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधले हे माझे शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे सांगलीचे, रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. एकटा पडलेला माणूस देवाधर्माला लागतो, हे एका जुन्या फोटोच्या मागे लागले.

आमच्या मागचं पार्क म्हणजे पूर्वी कुणा श्रीमंताची इस्टेट. तिथे चक्क क्रिकेटचं ग्राउंड होतं! लायब्ररीतल्या फोटोच्या झेरॉक्सवर पांढऱ्या कपड्यांतले मिशाळ गोरे, मागे ओकचं झाड. पिच नेमकं कुठे, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. त्यात टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, तिथे पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाची कोर्ट्स बांधायला निघाली. काका मीटिंगमध्ये जाऊन भांडले. "पिच दाखवा, कोर्ट्स सरकवू," असं उत्तर मिळालं.

झालं! काकूंची विणायची सुई घेऊन काका रोज सकाळी ओणवे होऊन जमीन टोचू लागले. कुणीतरी पोलीस बोलावला. काकांनी त्याला एलबीडब्ल्यू समजावून सांगितला. तो बिचारा अर्ध्या तासाने सुटला आणि परत कधी आला नाही.

ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. आम्ही करपलेल्या लॉनकडे बघून हळहळत होतो, काका खुशीत. "रोलर फिरवलेली माती घट्ट असते गं. तिथलं गवत आधी वाळणार. बघच तू!"

एका सकाळी त्यांचा फोन आला. "लगेच ये. आणि चपला बाहेर काढ."

पार्कातल्या अजून हिरवट राहिलेल्या गवतात एक लांबट पिवळा पट्टा उमटला होता. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी मोजलं. बावीस यार्ड, आणि दोन्हीकडे थोडं जास्तच. आता हे नाचणार, असं मला वाटलं. पण ते फोटो घेऊन ओकखाली गेले आणि घडीची खुर्ची उघडून तिथे ठेवली. फोटोत त्या जागी टोपीवाली एक बाई मांडीवर वही घेऊन बसली होती.

"हा फोटो तुझ्या काकूनेच शोधला होता. म्हणाली, अहो, माझी जागा सापडली, आता तुम्ही पिच शोधा. आमच्या सगळ्या मॅचेस पार्किंग लॉटमध्ये. तीस वर्षं उभ्याने स्कोअर लिहिला हिने. सावलीत बसवायचं राहून गेलं बघ." त्यांनी खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसली.

कोर्ट्स सरकली. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी युनिव्हर्सिटीतली मराठी मुलं बॅट घेऊन आली. अंपायर अर्थात काका.

"तू बस खुर्चीत. वही घे."

"काका, मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही!"

"हिला तरी कुठे कळत होतं? पहिल्याच ओव्हरला आठ बॉल लिहिले होते."

वही अर्धी भरलेली होती, काकूंच्या गोल अक्षरात. मी पुढचं कोरं पान उघडलं आणि तारीख घातली.