हबक्कूकचा नववा अध्याय

उपासनेत पवित्र शास्त्र उघडायचं असतं, हे पाळकसाहेबांची मंडळी साफ विसरली होती. प्रत्येक बाकावर पुस्तकं होती, पण ती हातरुमाल ठेवायला, नाहीतर डुलकी लागली तर हनुवटीला टेकू द्यायला. पाळकसाहेब घसा फोडून अध्याय सांगत, आणि समोर एक पान हलेल तर शपथ.

"अहो, तुम्हीच सगळं तोंडपाठ म्हणून दाखवता," पाळकीणबाई म्हणाल्या. "आयतं मिळाल्यावर कोण हात हलवतं?"

पाळकसाहेबांना हे लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "हबक्कूक, अध्याय नववा." बायबलातल्या त्या पुस्तकाला मुळात तीनच अध्याय. जो उघडून बघेल तो हात वर करील, मग आपण हसू, सगळे हसतील आणि सगळ्यांना धडा मिळेल, असा त्यांचा बेत होता. पण एकही हात वर झाला नाही, आणि आता काहीतरी म्हणणं भाग होतं.

"जो तुमच्या मागे बसला आहे त्याच्याकडे वळून पाहू नका," त्यांच्या तोंडून निघालं, "कारण त्याचे वाचन अजून संपलेले नाही."

हे आपल्याला कुठून सुचलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. प्रार्थनागृहात एकदम गारठा पसरला. मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन."

उपासना संपल्यावर ते दारात खरं सांगणारच होते, पण शाळेतल्या निवृत्त बाईंचे डोळे भरून आले होते. "किती वर्षांनी ऐकलं हे वचन," बाई म्हणाल्या. "माझी आजी रोज म्हणायची." पाळकसाहेबांनी नुसतीच मान डोलावली.

पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर हक्कानं झोपणारे शिंपीमामा पहिल्या रांगेत येऊन बसले.

"मामा, आज इकडे कुठे?"

"मागे झोप लागत नाही, साहेब. पाठीमागे कोणीतरी पानं उलटत असतं."

"तुमच्या बाकामागे तर भिंत आहे."

"तेच म्हणतोय मी."

मामांच्या मागोमाग बाकीचेही पुढे सरकले. मागची सगळी बाकं ओस पडली. मग एक लग्न लागलं. नवरी दारातून आत आली आणि एकाही माणसानं मान वळवली नाही. नवरासुद्धा वेदीकडे तोंड करून खांबासारखा उभा. झगा मामांनीच शिवला होता, तोही त्यांनी पाहिला नाही. नवरीच्या आईला रडू कोसळलं, आणि पाळकसाहेबांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"देवाच्या तोंडी खोटं घातलंत," पाळकीणबाई घरी म्हणाल्या. "आता सांगून टाका."

"एक वचन रचलं तो बाकीचीही रचत असेल, असंच म्हणतील सगळे. माझ्या शब्दाला मग काय किंमत राहील?"

"आणि गप्प बसलात तर तुम्हालाच ते खरं वाटायला लागेल."

पाळकसाहेबांना तसं थोडंथोडं वाटायला लागलंच होतं.

रविवारी त्यांनी कबूल केलं. "ते वचन शास्त्रात नाही. मी रचलं." कोणाचाच विश्वास बसेना.

"साहेब, तुम्ही दमलात," बाई म्हणाल्या. "माझी आजी काय खोटं बोलायची?"

पाळकसाहेबांनी हात जोडले. "माझं ऐकू नका. उघडा आणि स्वतः बघा."

आणि ज्या आवाजासाठी त्यांचे कान इतकी वर्षं आसुसले होते, तो आला. बोटं ओली झाली, पानं सळसळली, कोणी शेजाऱ्याला हबक्कूक कुठे ते विचारलं. हळूहळू एकेक हात थांबला.

"तिसऱ्याच्या पुढे काही नाही," मामा म्हणाले.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि त्या हसल्या. "आजीनं फसवलं म्हणायचं. पण साहेब, तुम्ही पुस्तक उघडायला लावलंत. जा, माफ केलं."

सगळे हसले. पाळकसाहेबांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकं मांड्यांवर स्थिर होती.

तेवढ्यात मागे एक पान उलटलं. मग सावकाश, आणखी एक.

वचन खोटं निघालं होतं, तरी एकही मान वळली नाही. सगळे पाळकसाहेबांकडे बघत राहिले. त्या बाजूला तोंड असलेले तेवढेच एक होते.

"साहेब," मामांनी हळूच विचारलं, "कोण आहे?"

पाळकसाहेबांनी घाईघाईनं समोरचं पुस्तक उघडलं, नाक पानाला टेकेल इतके वाकले आणि वाचायला लागले. तोंडपाठ असलेला आशीर्वादसुद्धा त्यांनी बघून वाचला. मंडळी ओळीवर बोट ठेवून त्यांच्याबरोबर वाचत राहिली. असं वाचन त्या प्रार्थनागृहात कधी झालं नव्हतं.

"कोण होतं हो?" घरी जाताना पाळकीणबाईंनी विचारलं.

"मी मान वर केली नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पण मंडळीत कोणीच वाचत नाही म्हणून इतकी वर्षं मी उगाच ओरडत होतो."