ऑर्व्हिलची गाडी डावीकडे वळते

जुन्या ट्रकचा हीटर गेला तेव्हा ऑर्व्हिल टॉलेफसनने तो मुकाट्याने दुरुस्त केला असता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण व्हर्ना म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी तुझ्या शेजारी गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसतेय. आता मला गरम सीटची गाडी पाहिजे." आणि ऑर्व्हिलला तर कुणालाच नाही म्हणता येत नाही. (त्याचं लग्नसुद्धा असंच झालं. व्हर्नानेच विचारलं, आणि हा म्हणाला, "चालेल, काही हरकत नाही.")

तर गाडी आली. निळी, उंच, नवीकोरी, गरम सीटची. मिनेसोटातल्या आमच्या टॉरव्हिक गावात कुणी कुणाच्या गाडीकडे टक लावून बघत नाही. कॅफेच्या खिडकीत बसून कॉफी ढवळत बघतात.

पहिल्याच रविवारी चर्चला जाताना ऑर्व्हिलने कॅफेच्या कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळवली, आणि हॉर्न वाजला. पॉंऽऽ! त्याने हात लावला नव्हता.

हॉर्नचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण टॉरव्हिकमध्ये हॉर्न वाजवणं म्हणजे भर रस्त्यात शिवी देणं. सिग्नलचा दिवा हिरवा झाला आणि पुढच्या गाडीतला माणूस हललाच नाही, तर मागचा माणूस दिवा पुन्हा लाल होईपर्यंत थांबतो आणि मनात म्हणतो, दमला असेल बिचारा. ओळख द्यायची तर स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. अगदीच रक्ताचं नातं असलं तर दोन.

खिडकीतली सगळी डोकी वळली. ऑर्व्हिलने घाबरून अख्खा हात वर केला आणि हलवला. खिडकीतूनही हात वर झाले.

"कुणाला हात केलास?" व्हर्नाने विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग हॉर्न कशाला वाजवलास?"

"मी नाही वाजवला."

"म्हणजे मी वाजवला?"

"तसं नाही गं. आपोआप वाजला. जरासाच."

आठवड्याभरात ऑर्व्हिलला गाडीचा स्वभाव कळला. उजवीकडे वळताना ती सुनेसारखी गप्प. डावीकडे चाक फिरलं की मात्र सासूसारखी सुरू. जितकं वळण लांब, तितकी बोंब लांब. आणि कॅफेचा कोपरा डावीकडेच होता. त्यामुळे रोज हॉर्न वाजायचा, रोज ऑर्व्हिल शरमेने हात हलवायचा, आणि खिडकीतले म्हणायचे, "रिटायर झाल्यापासून ऑर्व्हिल किती मोकळा झालाय नाही!"

व्हर्ना म्हणाली, "दुकानात घेऊन जा."

दुकान म्हणजे हायवेवरचं मोठं शोरूम. तिथे दुरुस्तीच्या टेबलामागे किप नावाचा मिशीवाला बसायचा.

"बोला मिस्टर टॉलेफसन, काय त्रास आहे?"

"त्रास असा काही नाही. हॉर्न जरासा वाजतो. मधूनमधून."

"कधी?"

"असंच. वळताना वगैरे."

(डावीकडे! एवढा एक शब्द. ओठांपर्यंत आला होता. पण मेकॅनिकला त्याचं काम शिकवायचं म्हणजे किती उद्धटपणा! ऑर्व्हिलने शब्द गिळला.)

किप स्वतः चक्कर मारायला निघाला. ऑर्व्हिल शेजारी बसला. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडलं की हायवे एकाच दिशेचा, म्हणून किप उजवीकडे वळला. मग पुन्हा उजवीकडे, मग उजवीकडे, आणि शेवटी उजवीकडे वळून परत फाटकात. गाडी मुकी.

"एकदम झकास आहे की," किप म्हणाला.

"बरं झालं. उगीच त्रास दिला तुम्हाला," ऑर्व्हिल म्हणाला, आणि घरी परतताना पहिल्याच डाव्या वळणावर एका गाईला घाबरवून आला.

असं तीनदा झालं. दुसऱ्या खेपेला तो व्हर्नाने केलेल्या रूबार्बच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबट लाल देठांच्या, वड्या घेऊन गेला, कारण रिकाम्या हाताने तक्रार करणं बरं दिसत नाही. तिसऱ्या खेपेला थोड्या जास्त नेल्या, कारण दुसऱ्या खेपेच्या वड्या मेकॅनिक लोकांना पुरल्या नव्हत्या. दर खेपेनंतर किपचा फोन यायचा, "आता कशी आहे गाडी?" आणि ऑर्व्हिल सांगायचा, "तसं वाईट नाही."

आता 'तसं वाईट नाही' हे टॉरव्हिकमध्ये कशालाही चालतं. गेल्या वर्षी हॅरोल्डचं धान्याचं कोठार जळून खाक झालं. तोसुद्धा निखाऱ्यांपुढे टोपी हातात घेऊन उभा होता, आणि कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, "तसं वाईट नाही."

मग एल्मर क्विस्ट वारला.

एल्मर भला माणूस. अख्खं गाव अंत्ययात्रेला निघालं. पुढे शववाहिका, तिच्या मागे एल्मरच्या बायकोची, आर्डिसची गाडी असायला हवी होती, पण आर्डिस शववाहिकेतच बसली. म्हणून तिच्या मागे जुना मित्र या नात्याने ऑर्व्हिलचा नंबर लागला. दफनभूमीचा रस्ता टेकडीला वळसा घालत वर जातो. डावीकडे वळत. खालपासून वरपर्यंत सगळा डावीकडे वळत.

ऑर्व्हिलला ते आठवलं तेव्हा उशीर झाला होता.

पॉंऽऽऽऽऽ! थांबायचं नावच नाही. शववाहिकेच्या ड्रायव्हरने आरशात बघितलं. मागचा माणूस इतका हॉर्न वाजवतोय म्हणजे काहीतरी अडचण असणार, असं म्हणून त्या सभ्य माणसाने गाडी बाजूला घेतली आणि हात दाखवला, जा बाबा पुढे.

"जाऊ नकोस!" व्हर्ना किंचाळली.

"त्याने एवढी वाट करून दिली," ऑर्व्हिल म्हणाला, "न जाणं बरं दिसणार नाही."

आणि त्याने शववाहिकेला ओव्हरटेक केलं. जाताना हात केला. दफनभूमीत एल्मरच्या आधी ऑर्व्हिल पोचला.

नंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी होती. आर्डिस हळूहळू चालत ऑर्व्हिलपाशी आली. सगळे आपापली कॉफी ढवळू लागले.

"ऑर्व्हिल," ती म्हणाली, "आजचं हे... वेगळंच झालं."

आमच्याकडे 'वेगळं' यापेक्षा वाईट शब्द नाही. टॉरव्हिकचे लोक हा शब्द वर्षानुवर्षं जपून ठेवतात. कित्येकांवर तो वापरायची वेळच येत नाही आणि ते तसेच सुखाने मरतात.

बाहेर आल्यावर व्हर्ना गाडीत बसली नाही. "ही गाडी जाईपर्यंत मी हिच्यात पाऊल ठेवणार नाही," म्हणाली आणि आपल्या मैत्रिणीच्या, लोरेन बाकेच्या गाडीत जाऊन बसली.

लोरेन ट्रॅक्टरच्या वेगाने गाडी चालवते आणि वाटभर आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिगत सांगते, टाक्यांसकट. व्हर्नाला ते ऐकणं बरं वाटलं, यावरूनच ऑर्व्हिलने काय ते ओळखलं. तो रोज एकटाच जायचा. शेजारची सीट मात्र गरम करून ठेवायचा. न जाणो, तिचं मन बदललं तर?

पण बदललं ते व्हर्नाचं मन नव्हे, तिचा पवित्रा. लोरेनने पित्ताशयाच्या मधे कुठेतरी तिला एक कायदाही सांगितला होता.

"अशा गाडीला लिंबू म्हणतात," व्हर्ना ऑर्व्हिलला म्हणाली. "वरून चकचकीत, आतून दात आंबवणारी. चार वेळा दुरुस्तीला नेऊनही सुधारली नाही, तर कंपनीला परत घ्यावी लागते. तीनदा झालंय. अजून एकदा ने आणि दावा लाव."

"पण किती वाईट वाटेल त्यांना!"

"कुणाला? कंपनीला?"

"किपला."

"मग तू किपला घेऊन बस शेजारी," व्हर्ना म्हणाली.

ऑर्व्हिल चौथ्यांदा गेला. वड्या, चार उजवी वळणं, एकदम झकास. मग त्याने दावा लावला, आणि त्याबद्दल किपची माफी मागितली.

सुनावणी गावातल्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत झाली. पंच म्हणून मार्लिस हाउगेन नावाच्या बाई होत्या, निवृत्त न्यायाधीश, आमच्याच भागातल्या. कंपनीतर्फे न्यू जर्सीहून डेलवेक्किओ नावाचे गृहस्थ आले होते. बूट असे पातळ घालून आले होते, की आमच्या बर्फात त्यांची बोटं निळी पडली असणार. किपही आला होता. व्हर्ना आली ती लोरेनच्या गाडीतून. ऑर्व्हिलने सर्वांसाठी वड्या आणल्या होत्या. लिंबाच्या तयार होत्या, पण त्या नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून रूबार्बच्याच.

डेलवेक्किओ उभे राहिले. "बाईसाहेब, पहिली गोष्ट, हॉर्न वाजतो ही तक्रार कशी होऊ शकते? हॉर्न असतो कशाला? दुसरी गोष्ट, यांना आम्ही दर वेळी फोन करून विचारलं. दर वेळी हे म्हणाले, वाईट नाही! हो की नाही मिस्टर टॉलेफसन?"

"हो," ऑर्व्हिल म्हणाला.

"आणि दर वेळी हे आमच्या माणसांना वड्या देऊन गेले. मला सांगा, त्रासलेला माणूस वड्या देतो?"

हाउगेनबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही कुठले म्हणालात?"

"न्यू जर्सी."

"तरीच," बाई म्हणाल्या, आणि ऑर्व्हिलकडे वळल्या. "तुम्ही सांगा. गाडीचा नेमका त्रास काय?"

ऑर्व्हिलने टोपी हातात फिरवली. व्हर्नाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, लोरेनच्या गाडीकडे.

"अं... तसं वाईट..."

बरगडीत व्हर्नाचं कोपर बसलं.

"...वाईट आहे," ऑर्व्हिल म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. आयुष्यातली त्याची ही पहिलीच तक्रार. करून झाल्यावर त्याने सवयीने "सॉरी" म्हटलं.

"चला, बघूच," हाउगेनबाई उठल्या. सगळे गाडीपाशी गेले. बाई स्वतः चालवायला बसल्या, शेजारी डेलवेक्किओ, मागे ऑर्व्हिल आणि किप. व्हर्ना शपथेप्रमाणे फुटपाथवर.

"बाई, इथून उजवीकडे घ्या," किप म्हणाला, "आम्ही नेहमी तसंच..."

"अरे डावीकडे!" फुटपाथवरून व्हर्ना ओरडली. "डावीकडे वळवा की! चार वेळा नेली आणि चारही वेळा उजवीकडे फिरवली मेल्यांनी!"

किपने शेजारी बसलेल्या ऑर्व्हिलकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढे मन लावून चालवत होतात," ऑर्व्हिल म्हणाला.

हाउगेनबाईंनी गाडी डावीकडे वळवली. लायब्ररीभोवतीच्या झाडांवरचे कावळे उडाले. बाईंनी पूर्ण गोल फेरी मारली, डावी-डावीकडून, आणि फेरीभर हॉर्न थांबला नाही. डेलवेक्किओंच्या हातातल्या वडीचा भुगा झाला. रस्त्यावरून जाणारे लोक मात्र हसून हात करत होते. त्यांना वाटलं ऑर्व्हिलच आहे.

लायब्ररीत परतल्यावर लगेच निकाल लागला. पैसे परत, किंवा तशीच नवी गाडी, ऑर्व्हिलने निवडायचं. टेबलाखालून व्हर्नाने बुटाने खूण केली. पैसे! घरूनच ठरवून आले होते.

पण डेलवेक्किओंचा चेहरा उतरला होता. पाय भिजले होते, परत जायचं विमान उशिरा होतं. ते हळूच म्हणाले, "तुम्ही दुसरी गाडी घेतलीत तर कंपनीला बरं वाटेल."

"चालेल," ऑर्व्हिल म्हणाला. "काही हरकत नाही."

व्हर्ना त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. मग दुसरी गाडी आली, तशीच निळी, तशाच गरम सीटची. ऑर्व्हिलने अंगणात गाडी डावीकडे फिरवून दाखवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चिडीचूप. व्हर्नाने कोट घातला, दार उघडलं आणि शेजारी येऊन बसली. सीट आधीच गरम होती. घोंगडी ती घरीच ठेवून आली होती. ऑर्व्हिलला तेवढं पुरलं.

कॅफेच्या कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळली आणि शांतपणे पुढे गेली. खिडकीतले हात वर झाले होते. ते तसेच वर राहिले, आणि मग एकेक करून खाली आले.

दोन-चार दिवसांत लोरेन बातमी घेऊन आली. "व्हर्ना, तुला सांगू नये, पण दावा जिंकल्यापासून ऑर्व्हिल ओळख देत नाही म्हणतात. आधी कसा लांबून हॉर्न मारून हात करायचा! आर्डिस म्हणत होती, निदान एल्मरला तरी त्याने वाजतगाजत नेलं."

व्हर्नाने कपाळाला हात लावला. रविवारी कॅफेसमोर आल्यावर तिने ऑर्व्हिलला गाडी थांबवायला लावली. खिडकीत सगळे होते, मधोमध आर्डिस. कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते.

"वाजव," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"हॉर्न. वाजव आणि हात कर."

ऑर्व्हिलने हॉर्न दाबला. काही नाही. अंगठ्याने दाबला, तळव्याने दाबला, मग दोन्ही हातांनी कणीक तिंबावी तसा दाबला. गाडी मुकी. तिच्यात हॉर्नचा आवाजच नव्हता.

"काय झालं?" व्हर्नाने विचारलं.

"काही नाही."

"ऑर्व्हिल. गाडी कशी आहे?"

ऑर्व्हिलने समोर बघितलं. "तसं वाईट नाही," तो म्हणाला.

व्हर्नाने शांतपणे पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरली. मागून लोरेनची गाडी सावकाश येतच होती.

आता खिडकीतले उघड उघड बघू लागले. नुसतं निघून जाणं बरं दिसलं नसतं. ऑर्व्हिलने काच खाली केली, टोपी काढली, डोकं बाहेर काढलं आणि कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने स्वतःच म्हणाला, "पॉं."

मग हात हलवला.

आर्डिसने कॉफीचा कप खाली ठेवला. "हे," ती म्हणाली, "फारच वेगळं आहे."