गुलब्या आणि गाडीतला बैल

साळुबाईंनी निकाल देऊन टाकला होता. गोठ्याच्या पत्र्याखाली एकच राहील, लेकाची, गोरखची नवी गाडी नाहीतर गुलब्या बैल. गाडी उन्हात करपू द्यायची नव्हती, म्हणून बेल्ह्याच्या बाजारात गुलब्या विकायचा ठरला. धर्माजींच्या घशाखाली भाकरी उतरेना. पण बायकोपुढे बोलणार कोण?

गुलब्या टेम्पोतून गेला, घरची माणसं गाडीतून. निघण्याआधी साळुबाईंनी गाडीची दारं खोबरेल लावून अशी लखलखीत केली, की धर्माजींना त्यात आपली मिशी दिसली.

बाजारात गिऱ्हाईक लगेच भेटलं, पारगावचे रखमाजी. त्यांनी दात पाहिले, खुरं पाहिली.

"मारका हाय का?"

"लेकरू शेपटी धरून चालतं, राव." खोटं बोलावं असं धर्माजींना फार वाटलं, पण गुलब्याची बदनामी जिभेवर येईना.

दोघांनी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सुरू केला. बैल गरीबच, म्हणून धर्माजींनी दावं खाली सोडलं. गाडीचं इंजिन गोरखने गारव्यासाठी चालू ठेवलं होतं. साळुबाई मागच्या सीटवर, काचेला डोकं टेकून पेंगत होत्या. शेजारी नात श्रेया.

गुलब्या सावलीला म्हणून गाडीकडे वळला. तर दारात दुसराच बैल, त्याच्याकडे टक लावून बघणारा. गुलब्याने मान खाली घातली. त्यानेही घातली. आता माघार कशी घ्यायची?

दणका बसला. काचेचा चुरा झाला आणि आत सगळं पांढरं झालं. धर्माजी उपरणं टाकून धावले.

"साळे, लागलं का?"

"अवं, मी मेले काय? नुसतं पांढरं दिसतंय."

"आजी, ही एअरबॅग आहे," श्रेया म्हणाली. "छताच्या कडेला घडी करून ठेवलेली असते. बाजूने जोरात धडक बसली, की सेन्सरला कळतं. मग पिशवीत गॅस भरतो आन् ती पडद्यासारखी काचेवर उतरते. डोकं काचेवर आपटू नये म्हणून."

"एवढी मोठी, कवा भरली?"

"पापणी लवायच्या आत."

साळुबाईंनी डोकं चाचपलं. ओरखडाही नव्हता. "आन् परत वर कशी जाती?"

"जात नाय. एकदाच कामाला येते. नवी बसवावी लागते."

रखमाजींनी हात केव्हाच मागे घेतला होता. "आमच्या घरी लेकरं हायेत, भाऊ."

"आवं, त्याला दारात दुसरा बैल दिसला. आरशावानी."

"आमच्या घरी आरसा बी हाय."

गाडी मंचरच्या गॅरेजात गेली. पत्र्याखालची जागा मोकळीच होती, गुलब्या आपल्या पायांनी तिथे जाऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी धर्माजींनी भाकरी मागून घेतली.

महिन्याने गाडी परत आली. धर्माजी गुलब्याचं दावं सोडू लागले.

"ऱ्हाऊ द्या," मागून साळुबाई म्हणाल्या. "गाडीला दुसऱ्याचं डोकं राखायची अक्कल हाय, ती ऊन बी सोसंल. ह्या येड्याला बाहेर कोण संभाळंल?"

आणि अंगणातल्या चिंचेखाली लावलेल्या गाडीच्या लखलखीत दारावर त्यांनी आपलं जुनं लुगडं नीट पसरून टाकलं.