फायरवॉलसाठी स्थळ

मिरजेतल्या शुभसंकेत वधू-वर सूचक केंद्राच्या फायरवॉलनं नवा प्रोसेसर बसवून घ्यायला नकार दिला, कारण त्याची केंद्रात नोंदणी झालेली नव्हती. हे तिनं मंगळवारी सकाळी अकराला सांगितलं. तेही कधी, तर फिरोज मुजावरनं झाकणाचे चारही स्क्रू काढून वाटीत ठेवल्यावर.

"परत लावा," ती म्हणाली.

फिरोजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे मशीनचा नकार त्याला नवीन नव्हता. त्यानं निर्मलाताईंकडे बघितलं. निर्मलाताई आवटी म्हणजे केंद्राच्या संचालिका. वय सत्तावन्न, सव्वीस वर्षांत अकराशे लग्नं जुळवलेली, स्वतःचं एकही नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तिचं बरोबर आहे रे. नियम क्रमांक एक. नोंदणीशिवाय प्रवेश नाही."

ही फायरवॉल मूळची बँकेतली. फायरवॉल म्हणजे काय, तर इंटरनेटवरून जे जे आत येईल त्याला दारातच अडवून, तपासून, मगच पुढे सोडणारी पेटी. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तेव्हा ती जुन्या सामानात बाहेर पडली, फिरोजनं उचलली, पुसली आणि केंद्रात आणून बसवली. केंद्राला तिची गरजही तशीच होती. त्याच्या आदल्याच वर्षी ईमेलनं रत्नागिरीचं एक स्थळ आलं होतं, फोटो देखणा, नोकरी कायम. साखरपुड्याच्या दिवशी कळलं की गृहस्थांना बायको आणि दोन मुलं आहेत. निर्मलाताई त्या मुलीच्या घरी जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. ती लाज त्यांच्या मनातून अजून गेलेली नव्हती.

म्हणून बसवताना फिरोजनं जेव्हा विचारलं, "ताई, हिच्यात नियम कुठले घालू?" तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधला केंद्राचा छापील पिवळा कागदच त्याच्या हातात ठेवला. फिरोज सरळमार्गी माणूस. त्यानं अकराच्या अकरा नियम जसेच्या तसे आत घातले. इतर ठिकाणच्या फायरवॉली कुठून आलात एवढंच विचारतात; ही जन्मवेळ विचारायची. सात वर्षांत एकही खोटं स्थळ आत आलं नाही.

पण आता ती थकली होती. पूर्वी बायोडेटा एका पानाचा असायचा, आता लोक सोबत व्हिडिओ पाठवायला लागले होते. मुलगा डोंगरावर उभा आहे, मुलगा खाली उतरतो आहे. ते सगळं तपासून दिवसाला जेमतेम अकरा अर्ज सोडणं तिला जमत होतं. दाराबाहेर साडेतीनशे अर्ज तिष्ठत होते आणि रविवारी वार्षिक मेळावा होता. ट्रस्टचे अध्यक्ष बापूसाहेब कोगनोळे स्वच्छ सांगून गेले होते, की रविवारी सकाळी छापील यादी टेबलावर दिसली नाही, तर पहिल्या तारखेपासून ही खोली झुंबा क्लासला. निर्मलाताईंनी झुंबा म्हणजे काय ते शेजारच्या शिंप्याला विचारलं होतं. त्यानं करून दाखवलं. तेव्हापासून त्यांना जेवण जात नव्हतं.

"ताई, हिला बाजूला काढून थेट जोडून टाकू," फिरोज हळूच म्हणाला. "एका दिवसात यादी होईल."

"ऐकू येतं मला," फायरवॉल म्हणाली.

"तसलं काही करायचं नाही," निर्मलाताई म्हणाल्या. "एकदा हात जोडलेत तेवढे पुरे. फॉर्म काढ फिरोज. मुलाकडची बाजू तुझी."

फिरोजनं फॉर्म घेतला आणि प्रोसेसरची डबी समोर ठेवून भरायला बसला. जन्मतारीख म्हणून त्याच्या अंगावर वर्ष आणि आठवडा कोरलेला होता. वेळ नव्हती.

"पत्रिका पाहणे नाही, असा रकाना आहे," फायरवॉल म्हणाली. "तिथं खूण करा. मी जुन्या वळणाची असले तरी हट्टी नाही. आधी कुठं होते?"

"एका ट्रॅव्हल एजन्सीच्या कॉम्प्युटरमध्ये."

"तिथून का निघाले?"

"मदरबोर्ड जळाला. वीज जास्त आली होती."

"म्हणजे विधुर," निर्मलाताई म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात आपोआप तो खालचा, सांत्वनाचा सूर आला. "दाखला लागेल रे."

फिरोजनं दुकानाच्या लेटरहेडवर लिहून दिलं की सदर मदरबोर्ड अमुक तारखेस विजेच्या लोटानं निवर्तला असून मागे कोणतीही जबाबदारी नाही. खाली सही, शिक्का.

"कोअर किती? म्हणजे आत डोकी किती?" फायरवॉलनं विचारलं.

"चार."

"अगंबाई, एकत्र कुटुंब आहे म्हणा की. आणि राहायला कुठं येणार? माझ्याकडेच ना? म्हणजे घरजावई. चालेल त्यांना?"

"चालेल," फिरोज म्हणाला. "सध्या डबीतच राहतोय."

बुधवारी रीतसर पाहण्याचा कार्यक्रम झाला. नियम क्रमांक सात: पहिली भेट केंद्राच्या कार्यालयातच, वडीलधाऱ्यांसमक्ष. निर्मलाताईंनी पोहे केले. प्रोसेसर डबीतून काढून स्वच्छ रुमालावर ठेवला, फायरवॉलचं झाकण उघडलं आणि दोघांना दहा मिनिटं एकटं सोडून निर्मलाताई आणि फिरोज गॅलरीत जाऊन उभे राहिले. पोहे दोघांनीच खाल्ले.

"पसंत आहेत," परत आल्यावर फायरवॉल म्हणाली. "बोलत नाहीत जास्त, पण ऊब आहे."

"मग आता आधी नवं फर्मवेअर घालतो," फिरोज पेनड्राइव्ह काढत म्हणाला. फर्मवेअर म्हणजे तिच्या आतली मूळ शिकवण. ती जुनी असली तर नवा प्रोसेसर तिला ओळखूच येणार नव्हता. "ते आधी, हा नंतर."

"म्हणजे आधी मी बदलायचं आणि मग स्थळ घरात घ्यायचं?"

"तुला आधी तरी सांगतोय तो," निर्मलाताई म्हणाल्या. "आमच्या मुलींना लग्नानंतर कळतं."

फायरवॉलचा पंखा थोडा वेळ नुसताच फिरला. मग ती म्हणाली, "जुनं सगळं आठवेल ना मला? नियम?"

"अकराच्या अकरा. प्रत काढून ठेवतो आणि परत घालतो," फिरोज म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. अर्ध्या तासात नवं फर्मवेअर बसलं. तिचा आवाज जरा बारीक झाला, बाकी काही नाही. पहिला प्रश्न तिनं विचारला तो असा: "आणि ह्यांचं काय?"

"कुणाचं?"

"ह्यांचं." आतल्या जुन्या प्रोसेसरचं नाव तिनं कधीच घेतलं नव्हतं. "नियम क्रमांक चार. आधीचा संबंध असल्यास फारकतीचा कागद. दोघांच्या संमतीनं."

निर्मलाताई खुर्चीत बसल्या. नियम चार त्या रत्नागिरीच्या गृहस्थांनंतर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. "अगं मग विचार त्यांना. उद्या गुरुवार आहे."

"विचारते. वेळ लागेल."

आता इथं अडचण अशी होती की फायरवॉलला विचार करायचा तर तो त्या जुन्या प्रोसेसरनंच करावा लागायचा. ती ज्याच्यापासून फारकत मागत होती, त्याच्याच डोक्यानं मागत होती. आणि तेच डोकं मंद झालं होतं म्हणून तर हा सगळा खटाटोप. पडद्यावर अक्षरं आली: विचार चालू आहे, कृपया वाट पाहावी. गुरुवार गेला. अर्ज सोडणंही बंद पडलं, कारण माणूस असल्या विचारात असताना दुसरं काम कुठलं व्हायला! शुक्रवारी बापूसाहेब जिना चढून आले, झुंबाच्या बाईंना घेऊन. बाईंनी पावलांनी खोली मोजली आणि आरसे कुठल्या भिंतीला लावायचे ते ठरवलं.

"काय चाललंय हे आवटीबाई?" बापूसाहेबांनी पडद्याकडे बोट केलं.

"घरातला प्रश्न आहे," निर्मलाताई म्हणाल्या. "आपण मध्ये पडू नये."

बापूसाहेबांना तीन मुली होत्या. त्यांनी मान डोलावली, पण रविवार म्हणजे रविवार असं बजावून ते उतरले.

शनिवारी दुपारी बाराला अक्षरं बदलली. निर्मलाताई आणि फिरोज दोघंही उठून पुढं गेले.

"ह्यांची हरकत नाही," फायरवॉल म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली, आता मलाही झेपत नाही, असं म्हणतात. तुझा काही दोष नाही असंही म्हणाले. फक्त एक अट आहे. भंगारात जायचं नाही. केंद्रात नाव नोंदवून घ्या म्हणतात."

"घेतलंच," निर्मलाताई म्हणाल्या आणि फॉर्म ओढला. त्या विचारत गेल्या, आतून तो सांगत गेला आणि फायरवॉल ते सावकाश बोलून दाखवत गेली. नोकरी: बँकेत बारा वर्षं, पुढं सामाजिक कार्य. आवड: मोजकं काम. अपेक्षा: घर लहान असावं, घाई नसावी. फारकतीचा कागद सोबत जोडला. शेवटी एक ओळ उरली: पालकाची सही.

"बँक?" फिरोजनं विचारलं.

"बँक राहिलीच नाही," फायरवॉल म्हणाली. "आणि नियम क्रमांक दोन, पालकाच्या सहीशिवाय अर्ज अपूर्ण."

निर्मलाताईंनी सव्वीस वर्षांत ही ओळ हजारो लोकांना बोट ठेवून दाखवली होती, इथं सही करा, आईची चालेल, मामाची चालेल. स्वतः तिथं कधी पेन टेकवलं नव्हतं, टेकवायला कारणच नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आवटी निर्मला गजानन असं सावकाश लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात पालक असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. फिरोज मुद्दाम स्क्रू मोजत बसला.

मग सगळं झटपट झालं. फिरोजनं जुना प्रोसेसर काढला, त्याच्या अंगावरची, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळलेली पेस्ट खरवडून त्याला गुळगुळीत केला आणि डबीत ठेवला. नवा बसवला, त्याला ताजी पेस्ट लावली, पंखा जोडला. फायरवॉल सुरू झाली आणि चहा गाळून होईपर्यंत तिनं चाळीस अर्ज तपासून आत सोडले. संध्याकाळी पाचला तीनशे सत्तेचाळीसावा अर्ज आत आला, प्रिंटर तापला आणि यादी झाली.

रविवारी हॉल भरला. ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीवर क्रमांक. तीनशे अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या खुर्चीवर डबी होती, झाकण उघडं. निर्मलाताईंनी डबीखाली स्वतःचा चांगला रुमाल घातला होता. दरवर्षी त्या हॉलभर फिरायच्या, मुलांच्या आयांना सांगायच्या, जवळ घुटमळू नका, मुलावर दडपण येतं. या वर्षी त्या डबीच्या खुर्चीपासून दहा पावलांवरून हलल्या नाहीत.

साडेअकराला तासगावहून आलेल्या एक सूर्यवंशी काकू खुर्चीपुढं थांबल्या. त्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये तापमान लिहून ठेवणारं यंत्र होतं, त्यातली प्रोसेसरची जागा वर्षभर रिकामी होती.

"काम फार नाही हो," काकू म्हणाल्या. "दिवसातून दोनदा आकडा लिहायचा. आमची तशी शांत आहे. आपण मुलाच्या कोण?"

"पालक."

"स्वभावानं कसे आहेत?"

"सावकाश," निर्मलाताई म्हणाल्या आणि लगेच घाईनं पुढं बोलू लागल्या, "म्हणजे पूर्वी बँकेत होते, तेव्हा फार धावपळ झाली. पण चुकलेले कधी नाहीत. एकदाही नाही. उगीच तापत नाहीत."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात थोडं," निर्मलाताईंना खोटं बोलवेना. "पंखा लागतो."

काकूंनी डबीकडं नीट बघितलं, वाकून पाठीमागूनही बघितलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "छान आहेत. आम्ही घरी विचार करून कळवतो."

या वाक्याचा अर्थ मुलीच्या आणि मुलाच्या आईबापांना समजावून सांगण्यात निर्मलाताईंचं आयुष्य गेलं होतं. नकार आहे तो, मनाला लावून घेऊ नका, पुढचं स्थळ बघू, असं त्या फोनवर आठवड्यातून पाच वेळा म्हणायच्या. आज त्या म्हणाल्या, "हो, हो, सावकाश कळवा," आणि काकू गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिल्या. तेवढ्यात बापूसाहेब यादी हलवत आले. खोली केंद्राकडेच राहील, झुंबावाल्या बाईंना तळमजला देतो, असं त्यांनी जाहीर केलं. निर्मलाताईंना ते दोनदा सांगावं लागलं.

सोमवारी निर्मलाताई अर्धा तास आधी कार्यालयात आल्या. डबी टेबलावर आपल्यासमोर ठेवली, फोन उचलून तो चालू आहे ना ते बघितलं, खाली ठेवला आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलला.

"ताई," फायरवॉल म्हणाली, "तासगावहून काही आलं तर न तपासता आधी सोडू का?"

"नको," निर्मलाताई म्हणाल्या. "नियमानं येऊ दे." मग थोड्या वेळानं डबीवरची धूळ पदरानं पुसत म्हणाल्या, "पण आलं की लगेच सांग गं."