अकरा नंबरची वाटाघाट

मंगळवारी सकाळी दहाला अकरा नंबरच्या वर्गाला दोन कुलपं लागलेली होती. एक इतिहासाच्या सरांचं, दुसरं भूगोलाच्या बाईंचं. त्या मजल्यावर पंखा नीट फिरायचा तो एवढ्या एकाच खोलीत, आणि वेळापत्रक करणाऱ्या क्लार्कने ती एकाच तासाला दोघांनाही देऊन टाकली होती. सत्तर-ऐंशी मुलं बाहेर ताटकळत होती. परीक्षा आली होती दहा दिवसांवर.

शेजारच्या बारा नंबरात राजदूत सर शिकवत होते. तीस वर्षं देशोदेशी राजदूत म्हणून काढून ते महिन्यापूर्वीच विद्यापीठात रुजू झाले होते. या महिन्यात मुलांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "सर, हे परीक्षेला येणार का?" त्यामुळे बाहेरून खरंखुरं भांडण ऐकू येताच त्यांचा चेहरा उजळला. खडू खाली ठेवून ते बाहेर आले.

"मी मध्यस्थी करू का?"

"करा की," इतिहासाचे सर म्हणाले. "फक्त वर्ग मला द्या."

"माझीही हरकत नाही," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "वर्ग मला मिळणार असेल तर."

"वा! म्हणजे दोन्ही बाजू अनुकूल आहेत," असं म्हणत राजदूत सरांनी वही उघडली.

आत बसून बोलायचं ठरलं. कुलपं एकाच क्षणी काढायची होती. राजदूत सरांनी तीनपर्यंत मोजलं. कुणीच काढलं नाही. पुन्हा मोजलं. शेवटी शिपाईमामांनी दोघांच्या हातातल्या किल्ल्या घेतल्या आणि कुलपं काढून खिशात टाकली.

आता आधी आत कोण जाणार?

"आधी गेला त्याचा ताबा झाला," इतिहासाचे सर म्हणाले. "सगळा इतिहास याच्यावर उभा आहे."

"मग दोघंही बरोबर जा," राजदूत सर म्हणाले. "खांद्याला खांदा लावून."

दाराची एक फळी कित्येक वर्षं खिळे ठोकून बंद होती. इतिहासाचे सर अंगाने भरभक्कम, बाईही काही कमी नव्हत्या, आणि त्यांच्या काखेत पृथ्वीचा मोठा गोल. तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या.

"एक... दोन... तीन!"

करकर असा आवाज झाला आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

"अहो, सरका ना!"

"कुठे सरकू? तुमचा दक्षिण ध्रुव माझ्या बरगडीत घुसलाय!"

शिपाईमामा पुढे झाले. "साहेब, आधी कुणाला काढू? सरांना, बाईंना का पृथ्वीला?"

"थांबा!" राजदूत सर ओरडले. "एकालाच आधी काढलं तर पक्षपात होईल. मी मसुदा तयार करतो, मग दोघांना एकदमच काढू."

मसुद्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दारातल्या दोघांना एकमेकांशी बोलण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं. आधी तावातावाने बोलले, मग दबक्या आवाजात. पुढे तर हसण्याचाही आवाज आला.

"आमचं ठरलं," इतिहासाचे सर म्हणाले. "वही द्या, लिहून देतो." उजवा हात त्यांचा बाहेरच होता. बाईंनी मान तिरकी करून खाली सही केली.

राजदूत सरांना भरून आलं. न वाचताच त्यांनी मध्यस्थ म्हणून झोकात सही ठोकली. मग मुलांनी हातांची साखळी करून सर, बाई आणि पृथ्वी अशा तिघांना मागे ओढलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर राजदूत सरांनी कागद वाचला. अकरा नंबर इतिहासाला. भूगोलाला बारा नंबर, कारण तिथल्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडतात.

"पण बारामध्ये तर मी असतो!"

"होय ना," बाई गोड हसून म्हणाल्या. "पण खाली तुमचीच सही आहे."

संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "काय म्हणतंय विद्यापीठ?"

"एक मोठा वाद मिटवला आज. दोन्ही बाजू खूश आहेत."

"बरं झालं. मग चेहरा असा का?"

"माझा तास आता जिन्यावर असणार आहे."

"जिन्यावर?"

"तसं अजून नक्की नाही. दहा वाजता सफाईच्या मावशी तो धुतात. उद्या त्यांच्याशी बोलणी ठेवली आहेत."

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मावशींशी मी बोलते," ती म्हणाली. "तुम्ही अजिबात मध्ये पडू नका."