चंद्राक्काची चाळणी

एका जंगलात (कुठल्या, ते विचारू नका बाळांनो, तिथे आता रिसॉर्ट झालंय) चंद्राक्का नावाची वानरीण राहायची. साठी उलटलेली. रांगोळी काढावी तर तिनेच. तिची रेघ केसासारखी बारीक. मुंग्या आपल्या पोरांना रांगेत चालायला त्या रेघेवर शिकवायच्या.

वाघमहाराजांच्या वाढदिवसाला गुहेसमोरची रांगोळी दरसाल तीच काढायची. महाराज बाहेर यायचे आणि रांगोळी तुडवत थेट भाषणाला जायचे. रांगोळीकडे कोणी बघत नसे. ती नसती, तर मात्र सगळ्यांनी बघितलं असतं.

एके वर्षी वाढदिवस पंधरा दिवसांवर आला आणि चंद्राक्काची रेघ थरथरली. तिला वाटलं, वारा असेल. वारा नव्हता. तिने शेपटीने मनगट घट्ट धरून पाहिलं. मग शेपटीही थरथरायला लागली.

ती कासववैद्यांकडे गेली. वैद्यांनी सावकाश नाडी पाहिली. इतकी सावकाश, की रांगेतले दोन पेशंट आपले आपणच बरे होऊन घरी गेले.

"कंपवात," वैद्य म्हणाले. "मुक्कामाला आलाय, जायचा नाही. पण ही मुळी दिवसातून तीनदा वेळेवर घ्या, म्हणजे शहाण्यासारखा वागेल. गुण यायला महिना लागेल."

"आणि माझी रांगोळी?"

"नामस्मरण करा. त्याला हात लागत नाहीत."

चंद्राक्का घरी येऊन फांदीवर बसली ती बसलीच. नामस्मरण तिने करून पाहिलं. पण डोळे मिटले की तिला ठिपकेच दिसायचे.

आठव्या दिवशी तिची शेजारीण साळूबाई साळिंदर आली. साळूबाईच्या अंगावर काटे होते आणि बोलण्यातही.

"चंद्रे, रडायचं ते रड, पण भाकरीला पीठ तरी चाळून दे. मला भूक लागलीय."

चंद्राक्काने चाळणी उचलली. हात हलू लागला. पीठ भुरूभुरू खाली पडलं. अगदी सारखं. ना कुठे ढीग, ना कुठे फट.

चंद्राक्का बघतच राहिली. जो हात आठ दिवस तिच्याशी भांडत होता, तो चुपचाप कामाला लागला होता.

"साळू, गुलाल कुठेय गं?"

"आधी भाकरी!"

पण भाकरी राहिली. चंद्राक्काने चाळणीत गुलाल घेतला, मग हळद, मग नीळ. जन्मभर ती चाळणीवाल्यांना नाकं मुरडत आली होती. 'रेघ येत नाही, म्हणून रंग सांडतात मेले,' म्हणायची. आता रेघ नव्हतीच. हळद कुठे संपली आणि गुलाल कुठे सुरू झाला, ते तिचं तिलाही सांगता येईना. तिला लहान पोरीसारखं हसू आलं.

वाढदिवसाला तिने गुहेसमोर रंगांचा भलामोठा गालिचा अंथरला. महाराज बाहेर आले, थबकले आणि जन्मात पहिल्यांदा रांगोळीला वळसा घालून गेले. भाषण विसरले. प्रजेला दुहेरी आनंद झाला.

चंद्राक्काच्या आजाराचं कोणाला ठाऊक नव्हतं. साळूबाईने ते फक्त एकाला, अगदी खासगीत सांगितलं. तो होता कलामंडळाचा सेक्रेटरी तरसराव.

तरसराव धावतच आला. "अक्का, तुम्हाला कंपवात? आधी सांगायचं नाही का! आम्ही तुम्हाला नुसत्या कलावंत समजत होतो!"

सत्कार ठरला. 'थरथरत्या हातांची थोर तपस्विनी'. महिन्याभराने मंडप उभा राहिला. चाळीस वर्षांत चंद्राक्काला कोणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. आज सगळं जंगल लोटलं. हरणांनी रुमाल आणले होते. प्रात्यक्षिकासाठी चंद्राक्का चाळणी घेऊन उभी राहिली.

हात हलेना.

मुळीने गुण दिला होता. सकाळीच तिने वेळेवर घेतली होती. हात दगडासारखा स्थिर.

मंडपात कुजबुज सुरू झाली. "हिला तर काहीच झालेलं नाही!" हरणांनी रुमाल कोरडेच घडी घालून ठेवले.

तरसराव कानाशी आला. "अक्का, जरा हलवा ना."

"औषध घेतलंय हो."

"आजच? निदान आयोजकांना विचारायचं तरी!"

शाल हळूच पुन्हा पिशवीत गेली. हातात नारळ तेवढा आला. बघता बघता मंडप रिकामा झाला.

चंद्राक्काला आधी संताप आला. घरी जावं आणि पुन्हा केसासारखी रेघ ओढून दाखवावी, असं वाटलं. पण तिने तिथेच चिमटीत रांगोळी घेतली. एक रेघ ओढली. बारीक, सरळ, पूर्वीसारखी. ती तिला एकदम कंटाळवाणी वाटली.

तिने चाळणी उचलली आणि हात स्वतःच हलवायला लागली. रिकाम्या मंडपात तास दीड तास रंग पडत राहिले.

साळूबाई तेवढी थांबली होती. उरलेला शिरा खात खात ती गालिच्याभोवती फिरली.

"चंद्रे, कडेला निळा जास्त झालाय."

"कुठे गं?" चंद्राक्का घाईने उठली. रांगोळीबद्दल आज पहिल्यांदाच कोणी काही बोललं होतं. दोघी खूप वेळ त्या निळ्यावरून भांडल्या, आणि चंद्राक्काचा दिवस फार आनंदात गेला.

तात्पर्य : औषध नेहमी वेळेवर घ्यावे. सत्कार असेल त्या दिवशी मात्र शाल खांद्यावर पडेपर्यंत थांबावे.